वरची रिकामी जागा

आईच्या नेमणुकीच्या कागदावर होतं :
अर्धवेळ स्त्री परिचर.
अर्धा वेळ कुठे संपतो
ते उपकेंद्राच्या कडीला कधी कळलं नाही.
रात्री दोनला ती वाजायची
आणि आई पदर खोचत जायची,
पाणी तापवायची, पाय धरायची, फरशी धुवायची,
सकाळी हजेरीपटावर
अर्ध्या दिवसाची सही.

मी तिथल्याच बाकड्यावर दहावी केली,
सनावळ्यांना अजून बेटाडिनचा वास येतो.

नागपूरला मुलाखत.
साकोलीहून पहाटेची एसटी,
डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे.
समोर तिघी. एकीने विचारलं :
डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, फोन लागत नाही,
बाळाचे ठोके नव्वदवर आलेत.
काय कराल?

पुस्तकातलं उत्तर येत होतं मला.
तोंडातून निघालं :
आधी बाईला डाव्या कुशीवर वळवीन. आई तेच करते.
‘सिस्टर आहेत का आई?’
‘परिचर. अर्धवेळ.’
तिने चष्मा काढून पुसला, बराच वेळ.

जागा पंधरा, माझा नंबर सोळावा.
पुसदच्या एका मुलीचं लग्न ठरलं
म्हणून मी आत.
हर्षाली ढेंगळे.
तिला कधी पाहिलं नाही,
पण यादीतलं नाव खोडलेलं पाहिलं,
सरळ रेघ, पट्टी लावून.

दीड वर्ष.
प्लास्टिकच्या एका ओटीपोटातून
तीच बाहुली पंधरा जणींच्या हातांवर जन्मली.
मग खऱ्या बाया, खरं रक्त,
आणि लॉगबुक : प्रत्येक पानाच्या तळाशी
माझी सही, तिच्या वर डॉक्टरांची जागा.
‘सिस्टर, जरा बाजूला.’
बाजूला होणं मी फार लवकर शिकले,
त्याचा रकाना लॉगबुकात नव्हता.

सुटीत गावी आले तर कौतुकाबाई नैताम म्हणाली,
‘तू मंग डागदरीन होशीन, का नर्सबाईच रायशीन?’
मला शब्द सापडेना.
म्हटलं, त्या दोघींच्या मधली.
‘मधलीले कोनी इचारत नाही बापा,
आमच्या घरी मीच मधली होती.’

ऑर्डर आली : कंत्राटी, अकरा महिने.
केशोरीच्या पुढे, चिचटोला.
बीपीच्या मशीनच्या पेटीत पालीची दोन अंडी,
खिडकीला काच नाही, मच्छरजाळी आहे,
आणि मोबाइलला रेंज हवी
तर पाण्याच्या टाकीची शिडी चढा.

नवव्या रात्री कडी वाजली.
प्रतीक्षा कुंभरे, वय एकवीस, आठवा महिना.
डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे.
एकशे सत्तर, एकशे दहा.
दुसऱ्या हातावर पुन्हा मोजलं. तेच.
मागे वळून पाहिलं मी,
खरंच पाहिलं,
कुणीतरी ‘बाजूला’ म्हणेल म्हणून.
मागे फक्त टेंभुर्णेताई होत्या, टॉर्च धरून.

मॅग्नेशियम, दोन्ही कुल्ल्यांत, पाच-पाच ग्रॅम.
तिच्या नवऱ्याला टाकीवर चढवला, एकशे आठला फोन.
तिचा गुडघा ठोकून पाहत राहिले,
पाय उडायचा, बरं वाटायचं.
गाडी यायला पन्नास मिनिटं लागली.
त्या पन्नास मिनिटांत मी एकदाही
‘मधली’ नव्हते, की होते,
कळायला वेळच नव्हता.

रेफर चिठ्ठी लिहिली. सही केली,
सवयीने अगदी तळाशी.
टेंभुर्णेताईंनी टॉर्च कागदावर आणला.
‘वरतं कोनाची सही पाह्यजे जी?’
‘कोणाची नाही.’
‘मंग एवढी जागा काहाले सोडली?’

दिवे वळणावर दिसेनासे झाले.
तीन वाजले होते.
त्यांनी बादली काढली,
मी कपाटामागे दुसरं फडकं शोधू लागले.
‘राहू द्या मॅडम,’ त्या म्हणाल्या,
‘एकच देते सरकार.’