मामेभाऊ

आठवडाभर मी सरकते जिने दुरुस्त करतो.
त्याच काचा, तेच दिवे, तोच गार वास.
दुकानांच्या पाट्या इतक्या त्याच त्या
की झोपेत कुणी उचलून दुसऱ्या देशात ठेवलं
तरी उठून पाना काढीन आणि कामाला लागेन.

शुक्रवारी मात्र
नमाज आटोपून, जेवणं होऊन,
चारच्या सुमाराला शटरं पुन्हा वर जातात
तेव्हा मी मनामाच्या जुन्या बाजारात शिरतो
आणि मुद्दाम चुकतो.

असंच एकदा हाताला लागलं नूरुद्दीनचं दुकान,
कपाटाएवढं. नुसत्या चाव्या.
कुलपं ठेवत नाही.
म्हणतो, कुलूप घ्यायला येतो त्याच्या मनात चोर असतो,
चावीला येतो त्याचं काहीतरी हरवलेलं असतं.
मला हरवलेली माणसं बरी.

त्याच्या पुढे, भिंतीला टेकून, हुसनियाबाई.
पितळी चाळण्या, एकीच्या पोटात एक,
मोती निवडायच्या. सासऱ्यांच्या.
आता मोती कोण आणतंय?
सगळ्यात बारीक चाळणीतून
ती वेलचीची पूड गाळून देते,
शंभर फिल्सची पुडी,
आणि पैसे मोजताना मात्र
मोत्यांचा व्यापार चालू असल्यासारखी गप्प होते.

बटणवाला सापडला तो बटण तुटलं म्हणून.
खेडच्या शिंप्याने शिवलेला शर्ट, वरून चौथं,
करडं, आत एक पिवळसर रेघ.
गुलूम दश्तीच्या दुकानात छतापर्यंत खणच खण.
कुठेही अक्षर नाही.
ज्यात जे बटण, त्यातलं एक बाहेर शिवलेलं.
डॉक्टर जीभ बघतो तसं त्याने माझं पाचवं बटण पाहिलं.
शिडी चढला. उतरला. सरकवली. पुन्हा चढला.
मी न सांगता खालून शिडी धरली.
उंचीवरच्या कामाला खाली कुणीतरी लागतं,
एवढं मला कळतं.

वीसेक मिनिटांनी तळहात पुढे केला.
"हे तुझं नाही. तुझ्या बटणाचा मामेभाऊ."
केवढ्याला?
"सुटं देत नाही. डझन."
अहो, माझं एकच तुटलंय.
"आज," तो म्हणाला,
आणि कागदात बारा बांधले.

खोलीवर सगळे हसले.
दिवसभर वणवण करून काय आणलं, तर बटणं.
मग मोतालेबच्या गणवेशाला एक गेलं,
सेंथिलच्या बाहीला दोन,
एक उशीच्या अभ्र्याला.
आता खोलीतल्या चारही जणांच्या अंगावर
कुठे ना कुठे ती पिवळसर रेघ आहे.
कुणी काही बोलत नाही त्याबद्दल.

परवा सेंथिलने पत्ता मागितला.
सांगायला गेलो तर पत्ता असा काही नव्हताच.
काळ्या लिंबांच्या पोत्यांपासून डावीकडे.
पोती हलवली असतील तर वासाने जा.
मग एक निळी सायकल, बिनसीटची.
सायकल दिसली नाही
तर चुकलास असं समज आणि चालत राहा.

रात्री दहाला उगवला. बटणं नाहीत.
खिशातून लाकडी शिक्का काढला,
शाईत बुडवून माझ्या मनगटावर ठोकला:
अरबीत त्याचं नाव, भोवती खजुराची दोन पानं.
"अण्णा, नुसत्या शिक्क्यांचं दुकान आहे तिथे.
मालक एका हाताने कोरतो. दुसरा हात नाही."

कुठल्या गल्लीत म्हणालास?

मला जरा रागच आला.
सहा वर्षं मी तिथून जातोय.
मनगट धुतलं,
पण साबण नाही लावला.