सतरा नंबर

पहिल्या दिवशी छापील फॉर्म घेऊन गेले होते.
नाव, जन्मसाल, गाव, कामाची वर्षे,
आणि शेरा. त्याला बोटभर जागा.

सुर्लच्या धक्क्याला आता बार्ज लागत नाही.
पाण्याला तांबूस झाक तेवढी उरली आहे.
खाजणातले खेकडेसुद्धा विटकरी निघतात, म्हणे.

गोकुळी माईणकर जन्मसाल सांगत नाही.
"पाकले गेले तेव्हा माझ्या थोरल्याचे दात पडत होते."
त्यावरून वजाबाकी करायची.
चंपावती म्हणते, ही माझ्याहून मोठी.
गोकुळी म्हणते, कसली!
पुढे रेकॉर्डरमध्ये तीन मिनिटे
नुसते हसणे आहे.

त्या काळचे काही ठेवले आहे का, विचारले.
एकीने चुंबळ आणली, लुगड्याच्या काठाची,
मधोमध डोक्याएवढा खळगा.
हातावर ठेवली तर वजन काहीच नाही.

मुकादमाच्या अंगावर खनिजाची पाटी उलटी केल्याची गोष्ट
पाच घरांत ऐकली.
पाचही घरांत उलटी करणारी निराळी,
मुकादम तोच, आणि दर वेळी तो शिंकतो.
यातली खरी कोण, यावर दोन दिवस घालवले.
मग शेऱ्याच्या जागेत लिहिले: पाचही.

सत्यवती घाडीने तांदळाच्या डब्यात हात घालून
पितळी बिल्ला काढला. सतरा.

हजेरीवहीत सतरा नंबर तेवीस वर्षे कामावर आहे.
एकदाही आजारी नाही. एकदाही बाळंत नाही.
"कशी असेल?" सत्यवती म्हणाली.
"आधी सासू. ती गेल्यावर जाऊ.
जावेला दिवस गेले की मी, ती उठली की परत ती."
मुकादमाला कळले नाही?
"तो बिल्ला बघायचा. तोंड कोण बघतो?"

सासूचे नाव विचारले. ती थांबली.
"आवय म्हणायचो."
घरात कुणालाच आठवेना, शेजारीही नाही.
शेवटी काणकोणात दिलेल्या नणंदेला फोन लावला.
तिला ऐकू कमी, तीनदा ओरडून विचारले.
तिकडून आले, मोगरें.
आणि पुन्हा, कुणीही न विचारता, मोगरें.

रात्री तक्ता भरायला बसले.
एका आकड्यासमोर तीन ओळी आखाव्या लागल्या.
शेजारी वहीची झेरॉक्स.
साताच्या कमरेला आडवी रेघ,
पोर्तुगीज शाळेत शिकलेल्यांची सवय.
हे अक्षर मला येते.
याच अक्षरात माझ्या पाठ्यपुस्तकांवर माझे नाव असायचे.

वडील सहाला घरी यायचे,
पायरीवर बसून तांबडे पाय धुवायचे.
कारकुनाचे पाय कशाने तांबडे होतात
हे मी कधी विचारले नाही.
तीन बायका आहेत, हे त्यांना ठाऊक असेल.
नसेलही.
आईने त्यांच्या वस्तूंतली एक दौत ठेवली आहे, कोरडी.
तिला काय विचारणार.

मीही साताला रेघ मारते,
हे त्या रात्री पहिल्यांदा दिसले.

सकाळी सत्यवतीला वाचून दाखवले:
सतरा अ, सतरा आ, सतरा इ.
"इ म्हणजे मी?"
हो.
तिने बिल्ला पदराने पुसला, परत तांदळात खुपसला.
"मोगऱ्याचं आणखी एक घाल," म्हणाली.
"तिची पाटी गळायची.
डोंगरापासून धक्क्यापर्यंत तांबडी ओळ.
आम्ही मागून त्या ओळीवर पाय देत यायचो."