पान दोनशे चौदा

मंगळवारी आमची पुस्तकगाडी ग्लेनामुराच्या चौकात उभी राहते,
डेअरीच्या बंद शटरसमोर, दोन ते सव्वातीन.
बार्टली गॅव्हन सगळ्यांत शेवटी येतो.
चाळीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवर खडी पसरली त्यानं.
बूट दारात पुसतो, पुस्तक दोन्ही हातांनी परत देतो,
अंडी द्यावीत तसं.

या खेपेला दुष्काळाची कादंबरी होती.
जाडजूड, सोनेरी अक्षरांची,
मुखपृष्ठावर लाल शालीतली मुलगी,
केस वाऱ्यावर, गाल भरलेले.
गालांभोवती पेन्सिलीचा एक गोल.
शब्द नव्हता.

शब्द आत होते.
पान बावीस: बटाटा काळा पडतो ते नंतर. वास आधी येतो.
पान सत्तर: दाराला टेकून रडली नसती, दार विकलं असतं तिनं.
पान एकशे नऊ, जिथे आई मरता मरता दीड पान बोलते:
एवढा श्वास कुठला.

पुस्तकात लिहू नये असा नियम आहे.
माझ्या खणात त्यासाठी खोडरबर असतं.
लोक पाककृतींतलं मीठ कमी करतात,
रहस्यकथेत खुन्याचं नाव पहिल्याच पानावर लिहून ठेवतात.
मी खोडते, फुंकर मारते, पुढे जाते.

दोनशे चौदाव्या पानावर
नायक सरकारी मदतकामावर रस्ता बांधतोय.
लेखकानं तो रस्ता थेट समुद्राला नेलाय.
तिथे जहाज, शिडं, निरोप,
पुढचं प्रकरण बोस्टनमध्ये.
बार्टलीनं समास गच्च भरलाय,
अक्षरावर अक्षर, कुंपणाच्या दगडांसारखं रचून:

आमचा रस्ता समुद्राला गेला नाही.
नॉकब्राकच्या मागे दलदलीत संपतो.
मोजलाय. अकराशे सहा पावलं.
शेवटी शेवटी दगड लहान होत जातात.
आधी दोन हातांनी उचलायचे,
मग एका हातानं,
मग पोरांच्या.

बुधवारी मी तेही खोडलं.
नियम म्हणजे नियम.

रविवारी मात्र गेले.
भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं म्हणतात;
इथे धोंडा मोजून घेत आणि मग कोंडा देत,
तोही दुसऱ्या दिवशी, उरलाच तर.
माझी पावलं तेराशेच्या वर भरली, मी बुटकी आहे.
रस्त्याच्या टोकाला एक मेंढी उभी होती,
पुढे जायचंय कुणाला, अशा चेहऱ्यानं.
दगड त्यानं लिहिलेत तसेच.
पिशवीत चीजचं सँडविच होतं, तिथे काढलं नाही.
गाडीत बसून खाल्लं, सगळं,
बोटं चाटून.

निघताना ऊन आडवं झालं
आणि समोरच्या उतारावर, दुपारभर नुसतं गवत होतं तिथे,
सरी-वरंबे उमटले, पार माथ्यापर्यंत,
फणीनं विंचरल्यासारखे.
कोणी तरी एवढ्या वर लावत होतं बटाटे.
चार-पाच मिनिटं दिसले.
मग ढग आला.

सोमवारी पुस्तक टेबलाच्या दिव्याखाली तिरकं धरलं.
पेन्सिल दाबून लिहितो म्हातारा.
कागदाला चर पडलेत.

ते पुस्तक आता डिम्फ्ना हेशनकडे आहे.
देताना एवढंच म्हटलं, आडवा उजेड घेऊन वाच.

काल बार्टलीनं विचारलं,
त्याच लेखकाचं आणखी काही आहे का.
मी म्हटलं, अरे, तुला तर पानोपानी खोटं वाटलं होतं.
तो बराच वेळ बूट पुसत राहिला,
पुसून झाल्यावरही.
म्हणाला, जहाज तर साफ खोटं.
तिथून कुणी निघालंच नाही.
मग टोपी घालता घालता:
ते पान मी तीनदा वाचलं.