पश्चिमेची भिंत

चौकटीच्या वहीत, शेवटच्या पानावर,
तोंडी परीक्षेचे गुण जिथं संपतात
तिथून खाली लिहायला घेतलंय :
शुक्रवारी जुम्म्यानंतर निघायचं.
गगनबावडा, करूळचा घाट, मग वेंगुर्ला.
दोन रात्री.

दस्तगीर म्हणतो, दोन लई झाल्या,
लग्नसराईच्या सुऱ्या येऊन पडल्यात दुकानात.
सासूबाई म्हणतात, समुद्रात बघायचं काय असतंय?
पाणीच की.

चौदा वर्षांपूर्वी पन्हाळ्याला गेलो होतो :
मी, तो, त्याचा भाऊ, भावजय,
आणि त्यांचं तापानं फणफणलेलं पोर.
बाकी आमचा समुद्र म्हणजे रंकाळा.
एक भेळ, दोन पुठ्ठ्याचे चमचे,
आणि ओळखीचं कुणी दिसलं
की आमच्या दोघांत वीतभर कट्टा मोकळा.

मी चौथीला नकाशा शिकवते.
डाव्या अंगाला निळा खडू फिरवते,
म्हणते, हा अरबी समुद्र.
पोरं विचारतात, बाई, तुम्ही बघितलाय?
मी म्हणते, फळा पुसा.

जेवणाचं त्यानं स्वतःकडं घेतलं.
तिसऱ्या पिढीचा शिकलगार,
मटण मार्केटातलं पातं न् पातं त्याच्या चाकावरून जातं,
आणि एकेका खानावळीला फोनवर
घसा खाकरत, अवघडून विचारतो :
म्हणजे, कोंबडी... कापतं कोण?
एकानं फोन ठेवला.
एक म्हणाला, या तर, आल्यावर बघू.
एकानं इतकं गोड ‘हो हो’ केलं
की दस्तगीरनंच त्याचं नाव खोडलं.

मग केळुसकर काकी.
स्पीकरवर त्यांचा आवाज, मागं नारळ खोवल्याचा :
‘कोंबडी मी बाजारातल्या अमीनकडसून हाडतंय.
तेकाच इचारा, नंबर देतंय.
नाय पटला तर बांगडो खावा.
माशाक कोण सुरी लावता?
तो दर्यातसून येतानाच देवाचो.’

त्यानं अमीनलाही फोन लावला.
वीस मिनिटं बोलले दोघं.
दोन मिनिटं हलालवर,
अठरा धारेवर.

त्यापुढं माझं अक्षर :
सकाळी होडीतून कांदळवन. खंड्या दिसतो म्हणे.
दुपारी काही नाही. (हे दोनदा अधोरेखित.)
पहाटे किनाऱ्यावर कासवांची पिल्लं सोडतात,
मिळाली तर.
पिल्लं, असं मी मोठ्यानं वाचलं,
आणि थोडा वेळ आम्ही दोघंही
वहीकडंच बघत राहिलो.
मग तो म्हणाला, पहाटे किती वाजता?
मी लिहिलं : साडेपाच. गजर लावणे.

किबल्याचं कुणाला विचारलं नाही.
इथं मगरिबला ज्या भिंतीकडं तोंड करते
तिच्या पल्याड शेजाऱ्यांचं न्हाणीघर,
मग गल्ली, मग गंगावेस, मग उसाचे फड,
मग घाट,
आणि मग तो.
इतकी वर्षं रोज त्याच्याच दिशेनं वाकत होते
आणि पोरांना फळा पुसायला लावत होते.
तिथं म्हणे मधे काहीच नाही.
चटई वाळूवर टाकायची,
जरासं उजवीकडं वळायचं,
झालं.

रात्री वही उघडी राहिली होती.
सकाळी बघते तर होडीच्या खाली, गजराच्या खाली,
काळ्या अंगठ्याचा ठसा
आणि त्याची एक वाकडी ओळ :
तीथं वळखीचं कोन नसतय.

लाल पेन हातातच होतं.
मी टोपण लावलं.