आवाज येईल तिकडे

फ्रँकफर्टच्या तळघरात बसून
मी डोंगरातल्या कोर्टांची रेकॉर्डिंग बघते.
अपिलासाठी. किती वाजून किती मिनिटांनी कोण काय बोललं,
एवढंच टिपायचं.
मत मागत नाहीत, त्याचे पैसेही देत नाहीत.

तिथे आता स्टेनो नाही.
इमोजीनबाई निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात
छताला पाच कॅमेरे लागले.
नियम सोपा: आवाज येईल तिकडे चित्र वळेल.
बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात.

डार्ल नेपियरचा खटला तीन दिवस चालला.
पशुखाद्याचं गोदाम जळालं होतं,
आत रात्रपाळीचा म्हातारा होता.
रॉकेलचा वास आला म्हणणारी शेजारीण मी पाहिली,
शिंकणारा शिपाई पाहिला,
पडदाभर त्याचा रुमाल,
सरकारी वकिलाच्या कोटाचं
सुटत आलेलं बटण तर इतक्यांदा
की सुई-दोरा घेऊन जावंसं वाटलं.

डार्ल नाही दिसला.
गप्प राहण्याचा हक्क होता, त्याने तो वापरला.
म्हाताऱ्याची मुलगीही गप्पच बसली असावी;
फ्रेमच्या कडेला एक निळी बाही,
कधी असते, कधी नसते.

तिसरा दिवस, चार वाजून सतरा मिनिटं.
न्यायाधीश वाचताहेत: बावीस वर्षं—
आणि खट्.
चित्र वळलं.
त्याच्या वकिलाचं पेन खाली पडलंय,
डार्ल वाकलाय.
डोक्यावरचा भोवरा दिसतो, चेहरा नाही.
पेन उचलतो, बाहीला पुसतो,
टोक स्वतःकडे ठेवून
अदबीनं वकिलाच्या हातात देतो.
चार सेकंद.
मग पुन्हा न्यायाधीश, बावीस वर्षं पुढे चालू.

मी ते अकरा वेळा मागे नेलं.
वहीत लिहिलं: आवाज, अस्पष्ट.

रविवारी इमोजीनबाईंना फोन लावला.
विचारलं, तुम्ही असता तर काय टिपलं असतं?
‘काहीच नाही,’ म्हणाल्या,
‘पेन पडल्याचं कोण लिहितं, पोरी?
माझं लक्ष बोटांकडे असायचं.’
थोडं थांबून त्यांनीच विचारलं,
‘निघताना माझ्या टेबलावर फर्नची कुंडी ठेवली होती,
जगली का गं?’

सांगता येत नाही, म्हटलं.
अजून ती काही बोललेली नाही.