बाण

सातवी ब. तिसरा तास.
फळ्यावर डावीकडे शेत काढलं, उजवीकडे तोंड,
मधे एक लांबलचक बाण.
तोंड जरा बेडकासारखं झालं. वर्ग हसला.
हसू दिलं.

म्हटलं, डबे उघडा. खायचं नाही, वाचायचं.

बटाट्याची भाजी. चपाती. बटाट्याची भाजी.
एकाकडे नूडल्स, त्याने झाकण अर्धंच उघडलं.
शाळेची खिचडी यायची होती अजून,
तिच्या भरवशावर आलेले सहाजण
शेजाऱ्यांचे डबे जरा जास्तच मन लावून वाचत होते.
माझ्या लक्षात आलं ते, पण उशिरा.

बटाटा कुठून आला?
"ॲपवरून, बाई. दहा मिनिटांत."
"मंचरहून," इर्शाद बागवान म्हणाला, मान वर न करता,
"पण तो संपला. आता आग्र्याचा चालूय."
दर रविवारी पहाटे तीनला हा पोरगा
वडलांसोबत मार्केट यार्डात असतो.
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना
श्वास आधी सोडायचा की नंतर,
हे त्याने दप्तराची गोणी करून दाखवलं.
(आधी. नंतर सोडला तर मणका बोलतो.)
मी बाणाच्या मध्यावर एक वाकलेली पाठ काढली.
पुस्तकात हा पाठ नाही.

मग पाण्याकडे वळले.
एक किलो तांदळाला अडीच हजार लिटर, असा अंदाज आहे.
आकडा वर्गावरून विमानासारखा गेला,
आवाज झाला, कुणी वर पाहिलं नाही.
"बादल्यांत सांगा ना," सुकन्या अडागळे म्हणाली.
भागाकार केला. दीडशेच्या वर.
ती बोटांवर काहीतरी मोजत बसली.
"आमच्या घरी दिवसाला चार येतात. म्हणजे
एक किलो भात म्हणजे आमचा महिना, वर आठवडा."
आणि डब्याच्या कडेला चिकटलेलं शीत
तिने नखाने सोडवून
तोंडात टाकलं.
खायचं नाही असं मीच सांगितलं होतं. गप्प राहिले.

तास संपत आला तसा मागच्या बाकावरून हात आला.
ज्ञानदा हरपळे. फुरसुंगीहून दोन बस बदलून येते.
"बाई, बाण तोंडापाशी का थांबला?"
खाऊन झालं म्हणून, मी म्हटलं.
"आणि खाल्लं नाही ते?"

तिने खडू मागितला नाही, घेतला.
बेडकाच्या तोंडातून बाण पुढे काढला,
फळा संपला तरी थांबली नाही,
भिंतीवरून, तक्त्यांच्या खालून,
थेट दाराच्या चौकटीपर्यंत.
तिथे एक ढीग. शेजारी छोटी विहीर, गोल गोल गिरवून काळी.
"आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं दिसायचं.
पप्पा म्हणतात, पुणं जेवलं
आणि हात आमच्या विहिरीत धुतले."

कुणी हसलं नाही.
इर्शादने आपल्या डब्याकडे पाहिलं. नूडल्सवाल्यानेही.
मी डस्टर हातात घेऊन नुसतीच उभी,
बी.एड.ला शिकवलेलं सगळं आठवत:
प्रस्तावना, विषयविवेचन, समारोप.
समारोप तिने केला होता.
घंटा झाली. पातेलं आलं. सहाजण आधी उठले.

दुपारी मामांनी फळा पुसला.
शेत गेलं, तोंड गेलं, ती वाकलेली पाठही गेली.
भिंत पुसणं त्यांच्या कामात येत नाही.
त्यामुळे आता सातवी ब मध्ये
भिंतीतून सुरू होणारा एक बाण आहे
आणि तो दाराबाहेर जातो.

संध्याकाळी घरी फ्रीज उघडला.
खालच्या कप्प्यात कोथिंबिरीची जुडी,
पिशवीतच काळी पडलेली. दहा रुपयांची.
निवडायला वेळ झाला नव्हता.
एरवी मी ती टाकून हात धुतले असते.
आज नळ सोडला,
आणि बंद केला.