नमुना क्रमांक नऊ

ग्रामपंचायतीने दिलंय एक रजिस्टर,
ब्लिचिंग पावडरचा डबा, झाकण हरवलेला,
आणि बोटाएवढ्या बाटल्या, आत कागदाची पट्टी.
शिक्क्यावर लिहिलंय जलसुरक्षक,
शिक्क्याखाली मी. रेवता दिघोरे,
पुनर्वसन वसाहत, प्लॉट सदतीस.

बाटली भरायची खुणेपर्यंत,
ठेवायची उबेत, एक दिवस एक रात्र.
पाणी काळं झालं तर समजायचं.
समजल्यावर कोणाला सांगायचं
ते प्रशिक्षणात राहून गेलं,
जेवणाची सुट्टी झाली होती.

पौषात ऊब आणू कुठून?
हे घर मिळालं तेव्हाच ओलं होतं.
सिमेंटच्या पत्र्याला रात्री घाम येतो,
उत्तरेच्या भिंतीवर बुरशीचा नकाशा
दरवर्षी एक तालुका पुढे सरकतो.
त्या भिंतीशी झोपणारा पुतण्या खोकतो
तेव्हा छातीत कोणी चाळणी हलवतंय असं वाटतं.
म्हणून बाटली मी पोलक्यात ठेवते,
कोंबडी अंड्यावर बसते तशी.

नववी बाटली नदीची.
ती यादीत नाही. यादीत हातपंप, टाकी, शाळेचा नळ.
नदी कोणी पीत नाही, असं कागदाचं म्हणणं.

कवडूबाबाने डोंगा काठाला लावला.
जाळ्यात जलकुंभी बक्कळ, मासे मूठभर.
एकेकाचा कल्ला उघडतो, नाक लावतो.
"मातीचा वास आला तं घरी.
साबनाचा आला तं बाजारात."
लोकाइले कायले देता, बाबा?
"त्यायले वास येत नाही ना माय. त्यायचा मसाला महाग असते."
मग एका मरळीशी जरा जास्तच थांबला
आणि काही न बोलता ती परत पाण्यात टाकली.
मेलेली होती. तरंगत राहिली.

धरण झाल्यापासून पाणी हिंडत नाही.
दवाखान्याच्या बाकड्यावरल्या माणसासारखं बसून असतं,
शहराने धुतलेलं सगळं मांडीवर घेऊन.

"मंग जाते कुठं हे?"
सातवीचा भूगोल आठवून मी म्हटलं,
प्राणहिता, मग गोदावरी, मग समुद्र.
समुद्र ना त्याने पाहिलेला, ना मी.
"तं तिथंबी असन कोनी," तो म्हणाला,
"कल्ला उघडून पाहनारा."

निघताना पळसाच्या पानात दोन वाम बांधून दिल्या.
"जावेले दे. ओली बाळंतीन आहे. दूध उतरते."
पैसे घेतले नाहीत.
वास मी घेतला नाही.
घेतला. सर्दी आहे, असं स्वतःला सांगितलं.

जवस भाजला, लसूण ठेचला,
जावेने रस्सा वाटीला तोंड लावून प्यायला,
कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी,
बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती.
मग पदराआड बाळाला घेतलं.
माझ्या पोलक्यात बाटली.
दोघी चुलीपाशी बसून राहिलो,
विस्तव विझेपर्यंत कोणीच बोललं नाही.

सकाळी ती काजळाची डबी शोधत होती,
बाळाला तीट लावायला.
मी बाटली काढून उजेडात धरली
आणि परत लपवली.

रजिस्टरात रकाने आहेत.
स्रोत: लिहिलं, नदी.
पाण्याचा रंग: काळा.
माशाला रकाना नाही, भिंतीलाही नाही.
पिणाऱ्यांची संख्या.
इथे पेन बराच वेळ थांबलं.
एक.
वय अकरा दिवस. नाव अजून ठेवायचंय.

कागद दमट होता.
शाई फुटली थोडी.